टँकरच्या रांगेतला धक्का

आई, तुला जाऊन सतरा वर्षं झाली आणि मी तुला लिहायला बसलेय ती परदेशातून. माणसं का भांडतात आणि भांडणं मिटतात कशी, हे शिकायला इथल्या विद्यापीठात एका सत्रापुरती आलेय. याचंही कॉलेज असतं म्हटल्यावर तू तोंडाला पदर लावून हसली असतीस. काल पहिलाच वर्ग होता. शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकाला जवळून पाहिलेलं एक भांडण सांगायला लावलं. कुणी युद्धातून निसटून आलेलं, कुणाचं गावच जळालेलं. माझी पाळी आली, आणि तोंडून निघाली ती आपली मुकुंदवाडीतली गल्ली.

त्या दुष्काळात टँकर चौथ्या दिवशी यायचा. आधी नव्या कॉलन्यांत रिता व्हायचा, मग तळाचं पाणी आपल्याला. तू कंपनीत पॅकिंगला, म्हणून पाइप धरायचं काम माझं, अकरा वर्षांच्या पोरीचं. त्या दुपारी तू पहिल्या पाळीवरून येतच होतीस. शेजारच्या काकूनं माझ्या हातातला पाइप ओढून स्वतःच्या टाकीत घातला, आणि मी तिला ढकललं. काकू ओट्याच्या कडेवर पडली. मनगट वाकडं झालेलं. तिचा नवरा दोन भावांना घेऊन धावत आला.

"कुणी ढकललं?"

मी टँकरच्या चाकाआड. तू डबा खाली ठेवतेस आणि पुढं होतेस.

"माझा धक्का लागला. काय बोलायचं ते मला बोला."

"हात मोडलाय तिचा, दिसत नाय का?"

"व्हय, दिसतंय. आधी तिला रिक्षात घाला, मग मला मारा."

कुणी हात उचलला नाही. काकूचं प्लास्टर निघेपर्यंत तू आधी तिची टाकी भरायचीस, मग आपली. ती तोंड फिरवून घ्यायची. शेवटपर्यंत तुझ्याशी एक शब्द बोलली नाही. घरी तू मला एवढंच विचारलंस, "चुकून लागला ना गं धक्का?" मी मान डोलावली. "मग झालं. जेव."

वर्गातही मी धक्का चुकून लागला असंच सांगितलं. बाई तुझ्याबद्दल लई चांगलं बोलल्या, मी ऐकून घेतलं.

हा कागद माझ्याच वहीत राहील. चुकून नव्हता, आई. ती पडावी म्हणूनच मी दोन्ही हातांनी ढकललं होतं.