लिंबावर न चढणारी गाडी

अहो,

शुक्रवारची सकाळ होती. मी पायरीवर मेथी निवडत होते, तुम्ही जुन्या बनियनने स्कूटर पुसत होतात आणि अक्का लिंबांची पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत तयार बसल्या होत्या. "बाबू, पुसून पुसून तिचा रंग घालवशील. राहुकाळ संपल्यावर पोचवतोस काय मला?"

"अक्का, देवी कुठं पळून जातीय?" म्हणत तुम्ही स्कूटर फाटकाबाहेर काढलीत.

बनशंकरीच्या देवळात राहुकाळातच लावतात ते लिंबाच्या सालीचे दिवे लावायला थोरल्या बहिणीला तुम्ही असं किती शुक्रवार नेलंत! त्यातला हाच का आठवतो? त्या दिवशी काहीसुद्धा झालं नव्हतं. मेथीत एक गोगलगाय निघाली होती, एवढंच.

आज लिहायला बसले, कारण उद्या शुक्रवार आहे आणि उद्या अक्का एकट्या बाहेर पडणार आहेत. गल्लीच्या टोकाला, लिंबूवालीपर्यंतच. पण एकट्या! बॅटरीवर चालणाऱ्या, बसून चालवायच्या गाडीवरून. तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

तुम्ही गेलात आणि अक्कांचे शुक्रवार थांबले. गुडघे इतके धरलेत की काठी घेऊन पलंगापासून दारापर्यंत येतात, तेवढंच. "घरातल्या देवीला काय डोळे नाहीत?" असं मलाच समजावतात. पण दर शुक्रवारी इस्त्रीची साडी नेसून दाराशी बसतात. ते बघवत नाही हो. जाताना गॅसचं पुस्तक कुठं ठेवलंय ते सांगितलंत. अक्कांचं काय करायचं, ते सांगायला नको होतं?

प्राचीनं पुण्याहून फोनवर या गाड्या दाखवल्या. "आई, हलकी बघ. फोल्ड होणारी बघ. रिक्षात चढवायची तुला एकटीला आहे." लेकीचं ऐकलं. तुम्ही रद्दीतून आणलेली पुस्तकं वाचत वाचत मला वाचायची सवय लागली, तशीच ही माहितीपत्रकंही वाचून काढली. अडलं की प्राचीला विचारायचं. पण खरं सांगू? सगळं वाचून मी एकच गोष्ट शोधत होते: वजन. किती वजन मला पेलेल ते कळावं म्हणून वाण्याकडून आलेलं तांदळाचं पोतं उचलून बघायची.

"शालन," अक्का म्हणायच्या, "तांदूळ कुठं पळून जातायत? ठेव खाली."

मग जे. पी. नगरच्या दुकानात गेलो. मला सगळ्यात आवडली ती बॅटरीची खुर्ची. तिची कळ मागच्या बाजूला असते, म्हणजे मागून चालणाऱ्यानं चालवायची. अक्कांनी ती नीट पाहिली आणि म्हणाल्या, "मी बसायचं आणि तू चालवायचं? मग मला त्या तांदळाच्या पोत्यातच घाल की!" दुकानातली मुलगी मराठी नव्हती, कानडी होती, तरी हसली.

राहिल्या दोन. एक तीन चाकांची, घडी होणारी, मी एका हातानं उचलली. दुसरी चार मोठ्या चाकांची. तिचे भाग सुटे करून रिक्षात ठेवायचे; पण मोटर असलेला मागचा भाग माझ्यानं जमिनीपासून हलला नाही. मी तीनचाकी घेतली. मुलगी तिच्या कानडी-मराठीत म्हणाली, "स्वल्प, थोडे दिवस चालवून बघा अम्मा. सरी, बरी वाटली नाही तर बदलून देऊ."

घरी आल्यावर अक्का अडून बसल्या. नवी गाडी अशीच चालवायची? तुमची स्कूटर असो की प्राचीची लहानपणची सायकल, आपल्या घरात चाक असलेलं काहीही लिंबं चिरडल्याशिवाय रस्त्याला लागलेलं नाही. मग हार, हळदकुंकू, तीन चाकांखाली तीन लिंबं. अक्कांनी देवीचं नाव घेतलं आणि कळ दाबली.

गाडी गुरगुरली. पुढचं चाक लिंबाला लागून तिरकं झालं, मागचं एक चाक जमिनीवरून उचललं आणि अक्कांसकट अख्खी गाडी फाटकाकडे कलली! त्यांनी फाटकाचा गज धरला. मी त्यांना खांद्याला धरून ओढलं. त्या मात्र वाकून खाली बघत होत्या. लिंबू जसंच्या तसं!

"लिंबावर चढंना झालीय ही. फूटपाथवर कुठली चढतीय?"

"लिंबं जरा लहान घ्यायला हवी होती," मी म्हणाले. म्हणाले खरी!

"आणि रस्त्यातले दगड? तेबी लहान बघून घालणार हायस काय?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "तुझ्या हाताला झेपणारी गाडी आणलीस तू. बसायचं मला हाय की गं."

मला रागच आला. "उचलायची मला आहे अक्का! दुसरं कोण आहे या घरात?"

"हाक मारायची. मला स्कूटरवर बसवायला बाबू काय एकटाच होता? समोरच्या घरातला अण्णा येऊन गाडी धरायचा, तवा मी चढायची."

हे मला ठाऊकच नव्हतं. फाटकाबाहेर तुम्ही दर शुक्रवारी समोरच्या अण्णांना हाक मारत होतात? मी आत मेथीत डोकं घालून बसलेली. मला वाटायचं, माझे यजमान कुणाकडे काही मागत नाहीत. म्हणून तुमच्यामागे मीही कुणाकडे मागितलं नाही. नळ गळला तरी नाही, ताप आला तरी नाही. एकदा तरी सांगायचंत ना हो!

गाडी बदलून आणली. चारचाकीनं चारही लिंबं अशी चिरडली की रस माझ्या पायावर उडाला. गेल्या शुक्रवारी आम्ही दोघी देवळात जाऊन आलो. रिक्षापाशी मोटरचा भाग तसाच पडला होता आणि मी उभी. शेवटी रिक्षावाल्याला म्हणाले, "अण्णा, स्वल्प हात लावा." एवढं म्हणण्याआधी मी पदर दोनदा खोचला. त्यानं तो भाग उचलला, आत ठेवला आणि मलाच विचारलं, "आणखी काय आहे अक्का?" बस, एवढंच. इतकं सोपं असतं?

परत येताना अक्का म्हणाल्या, "पुढच्या शुक्रवारची लिंबं मी आणणार. एकटी."

आठवडाभर त्या गल्लीत सराव करतायत आणि मी लांबून मागे चालतेय. परवा त्यांनी समोरच्या अण्णांकडून हँडलला आरसा बसवून घेतला. मला वाटलं, गाड्या दिसाव्यात म्हणून. तर गल्लीच्या मध्यावर थांबून, मान न वळवता म्हणाल्या, "शालन, दिसतीस मला. घरी जा."

घरी आले. पण मन कुठं घरी येतंय? विजेच्या डब्यापाशी फरशी फुटलीय. कोपऱ्यावर कुत्री असतात. दुचाकीवाले उलटे येतात, फूटपाथवरून येतात. कळ दाबायची की सोडायची, हे ऐनवेळी विसरल्या तर? प्राचीला तुम्ही पुण्याच्या गाडीत बसवून दिलंत, तेव्हा तुम्हालाही असंच झालं होतं का? स्टेशनवरून आल्यावर मला म्हणालात, "चहा टाक."

ज्यांनी शिलाई मशीन चालवून तुम्हाला शिकवलं, त्यांना लिंबं आणायला जाऊ द्यायला मी बिचकते, हे मलाच बरं दिसत नाही. पण एक माणूस या घरातून गेलंय. दुसरं फाटकाबाहेर सोडायचं, तर हात अडखळतो हो.

तरी वचन देते. उद्या मी मागून जाणार नाही. खिडकीतूनही बघणार नाही. नाही, खिडकीचं वचन धरू नका. मागून मात्र जाणार नाही. आणि जड उचलायची वेळ आली की हाक मारीन.

तुमची,
शालन

ता. क. शुक्रवार, दुपार. सकाळी मी फाटक उघडून धरलं. अक्का गेल्या, तसं लावून घेतलं. मग पायरीवर बसून मेथीची जुडी निवडली, आणि त्या परत येईपर्यंत निवडलेली मेथीच पुन्हा निवडत बसले.