तीन बाजूंची चौकट

धुळे,
२४ एप्रिल १९८९

प्रिय आई,

तुझं पत्र पोचलं. अक्षर शेजारच्या मंदाबाईंचं आहे, पण शब्द तुझे आहेत. "माझी गुणाची पोर" असं तू काम असलं की म्हणतेस, म्हणून पहिल्याच ओळीत समजले. खुब्याचं हाड मोडल्यापासून तू दिवाणखान्यात पडून आहेस, अभिमनभाऊला आता दिवाणखाना मोकळा हवा आहे, आणि जीप विकल्यापासून रिकामं पडलेलं गॅरेज नीट करून तो तुला तिथे ठेवू पाहतो आहे. जागा राहण्याजोगी आहे की नाही, हे त्याने माझ्यावर सोडलंय. तू म्हणतेस, नाही म्हणून लिही. भिंती कच्च्या आहेत असं लिही. तू इंजिनेर, तुनं तो ऐकी. ऐकेल, यात शंका नाही. त्याला माझ्या मतापेक्षा माझं नाव हवं आहे. सख्ख्या बहिणीने नकाशा काढून दिला म्हटल्यावर भडगावचे भाऊबंद तोंड उघडणार नाहीत.

इकडे ऊन फार आहे. पांझरेत पाणी नावाला उरलंय. ऑफिसात माझ्या टेबलावरचा पंखा बिघडला आहे आणि तो दुरुस्त करणारा माणूस रजेवर आहे. माझं क्वार्टर लहान आहे, पण स्वच्छ आहे. तू विचारलंस म्हणून सांगते, जेवण मी स्वतः करते आणि लग्नाचा विचार केलेला नाही. गोळ्या जेवणानंतर घे, उपाशीपोटी घेऊ नकोस.

गेल्या रविवारी मी आले होते तेव्हा तू माझ्याशी धड बोलली नाहीस. चाकांच्या खुर्चीत दाराशी बसून मी मापाची टेप लावताना नुसती पाहत होतीस. सुनंदावहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ताई, गॅरेज म्हनू नका आता. आईंची खोली म्हना." तू मान वळवलीस. मी ते पाहिलं. तुला वाटलं असेल की मी मापं घेण्यात गुंतले आहे. मी दोन्ही करू शकते.

गॅरेजमध्ये मी लहानपणी इतकी वावरले आहे की मापं न घेताही मला ती सांगता आली असती. फुई आली तेव्हा मी चौथीत होते. आबांची धाकटी बहीण, तानुबाई. आखाजीच्या सणाला लेकी माहेरी येतात तशीच आली, हातात एक पिशवी घेऊन. बाकीच्या लेकी झोके घेऊन, गौराईची गाणी म्हणून, सांजोऱ्या खाऊन आपापल्या घरी गेल्या. ती गेली नाही. जायला घरच नव्हतं, नवऱ्याने दुसरी आणून बसवली होती. तू ओट्यावर उभी राहून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणालीस, "लेक आखाजीले येस, नि आखाजी सरनी का जास." त्या वर्षी पाहुण्यांची गर्दी होती म्हणून तिचं अंथरूण तू गॅरेजमध्ये टाकायला सांगितलंस. चार दिवसांपुरतं. गर्दी गेली. अंथरूण राहिलं.

खाट आत मावत नव्हती, कारण जीप मावायला हवी होती. संध्याकाळी आबा कापूस बाजारातून आले की फुई पथारी गुंडाळून भिंतीला लागून उभी राहायची. जीप आत यायची, मग चाक आणि भिंत यांच्यामध्ये ती पथारी पसरायची. ऑइल आणि ग्रीसचा वास तिच्या लुगड्यातून कधी गेला नाही. पुढच्या आखाजीला तू माझ्या मावश्यांना हसत हसत सांगत होतीस, "आमना घर दोन गाड्या शेतस. एक यास्नी जीप, नि एक यास्नी बहीन. दोन्ही गॅरेजमा." मावश्या झोक्यावरून पडायच्या बाकी राहिल्या. फुईही हसली. तिला विनोद कळायचा. ती जीपला आपली सवत म्हणायची. "हाई मनी दुसरी सवत. पहिलीपेक्षा बरी शे, बोलत नही." मी अभ्यासाला तिच्यापाशी बसायचे. घरात तू दिवा लवकर मालवायचीस, आणि ती माझ्यासाठी कंदील पुसून ठेवायची. माझी वेणी दहावीपर्यंत तिनेच घातली. हे तुला माहीत आहे. माहीत नसेल तर आता झालं.

तिने त्या घरात एकच गोष्ट मागितली. तुला आठवते का, ते विचारत नाही, कारण तुला आठवते. नासीर मिस्तरी गॅरेजची फरशी करायला आले होते. एक शहाबादी तुकडा उरला होता, लांबट, सरळ कडेचा. फुईने आबांना म्हटलं, "भाऊ, बठ्ठा घरेसले उंबरा ऱ्हास, आठे नही शे. तेवढा बसाडी दे." आबा नको म्हणाले नाहीत, तोच होकार समजून मिस्तरींनी तुकडा बसवून दिला. फुईने लगेच हळदकुंकू आणलं. सिमेंट ओलं होतं. तू घरातून आलीस, पाहिलंस, आणि म्हणालीस, "उंबरा कशाले? चाकं अडतीन." मिस्तरी म्हणाले, "भाभी, जीप है, इतनेसे पत्थर को क्या अडेगी?" तू पुन्हा तेच म्हणालीस. त्यांनी थापीने तुकडा उचकटला. फुई कुंकवाची वाटी घेऊन उभी होती. तिने ती पदराखाली घेतली. मी तेव्हा सातवीत होते आणि मला एवढंच कळलं, की जीप भडगावच्या शेतात ढेकळांवरून जाते आणि गिरणेच्या वाळूतून जाते. चाक अडणार नव्हतं. उंबरा झाला असता तर ते घर झालं असतं, आणि घर झालं असतं तर त्यात कोणीतरी राहत होतं असं म्हणावं लागलं असतं.

ती गेली त्या वर्षी मी दहावीत होते. होळीनंतर छाती भरली. आबांनी जीप काढतो म्हटलं, तू म्हणालीस की बाजाराचा दिवस आहे, आल्यावर पाहू. गाडी तिच्या उशाशी उभी होती ती तिच्या उशाजवळून निघून गेली. आबा आले तेव्हा पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. महिन्याभराने आखाजी आली. तू घागर भरलीस, वर खरबूज आणि सांजोरी ठेवलीस, आणि उंबऱ्यावर एकेका पितराचं नाव घेऊन कुंकवाची बोटं ओढलीस. आजोबा, आजी, मोठे काका. मी म्हटलं, फुईचं? तू वाटी झाकलीस. "दिलेली लेक ती. तिनं बोट तिना घरना उंबऱ्यावर." तिचं घर कोणतं, ते तू सांगितलं नाहीस. नवऱ्याच्या दारात दुसरीचा संसार होता, ती कशाला सवतीचं बोट ओढेल? मी वाटी उचलून गॅरेजशी गेले. तिथे बोट ओढायला जागाच नव्हती. रस्त्यापासून आतपर्यंत नुसता उतार, आणि त्यावर ऑइलचा डाग. मी बोट माझ्या परकराला पुसलं. त्यावरून तू मला मारलंस, कारण परकर नवा होता.

रविवारी शटर वर केलं तेव्हा मी प्रथम खाली पाहिलं. तुकडा उचकटलेल्या जागी सिमेंटचा लांबट चर अजून आहे, कोणी भरलेला नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. भिंती कच्च्या नाहीत. नऊ इंची पक्क्या विटांच्या आहेत, कुठे तडा नाही, ओल नाही. पत्रा तापतो, त्यावर कपाशीची वाळकी पऱ्हाटी अंथरून खाली छत करायला मी सांगितलं आहे. नकाशात गल्लीच्या बाजूला एक मोठी खिडकी धरली आहे, मागे न्हाणी धरली आहे, पंख्याला हूक धरला आहे. तुझी खाट दोन्ही बाजूंनी फिरता येईल अशी बसते. फुईला यातलं काहीच नव्हतं, तेव्हा तुला तक्रारीला जागा राहू नये एवढी काळजी मी घेतली आहे. जागा राहण्याजोगी आहे. मी तसं लिहून खाली सही केली, आणि नकाशा आज याच टपालाने भाऊला जातो आहे. पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, की काहीच जमलं नाही तर मला धुळ्याला ने. माझ्या क्वार्टरच्या दाराला उंबरा आहे. त्यावर दर आखाजीला मी एकच बोट ओढते, ते कोणाचं हे तुला सांगायला नको. त्या उंबऱ्यावरून तुला आत घेणं मला जमणार नाही.

एवढं सारं मी भाऊच्या हाती निरोप देऊनही कळवू शकले असते. पत्र लिहायला बसले ते एका गोष्टीसाठी, जी नकाशात पाहून तुला समजणार नाही आणि कोणी तुला समजावूनही सांगणार नाही. शटर काढून तिथे सागवानी दार येईल. भाऊने विचारलं होतं, की खालची पट्टी धरायची ना, आईला उंबऱ्याशिवाय घर म्हणजे घर वाटत नाही. मी त्याला चौकट तीन बाजूंचीच काढून दिली आहे, दोन उभ्या आणि एक वरची. खाली काही नाही. तुझ्या खुर्चीची पुढची चाकं लहान आहेत, मी ती मोजली. जीपची नव्हती अडणार. ही खरोखरच अडतीन.

तुझीच,
प्रमिला