चार बोटांवरची माशी

पुणतांबा, २९ जुलै २०२५
चि. सूर्यभान, अ. आ.
फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. नदीकाठची मातीची दरड घाटासाठी सपाट करायचा ठराव पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत येतोय. तिच्या बिळांत निळ्या पट्ट्यांच्या मधमाश्या राहतात. माझ्या शाळेतल्या मुलांना ठाऊक आहेत, पण गावाला फोटोशिवाय पटायचं नाही. बारीक जीव जवळून मोठे टिपणारी मॅक्रो लेन्स कोणती घेऊ, साठ, शंभर की एकशेऐंशी मिलिमीटर? शिर्डीत लग्नाच्या फोटोंचा एवढा स्टुडिओ चालवतोस, तूच सांग.
तुझी दिपालीअक्का

शिर्डी, १ ऑगस्ट
ती. अक्कास शि. सा. न.
माश्यांचं लग्न काढलंस की काय? साठची घे. हलकी असते, आणि माशी तिन्हींत सारखीच मोठी येते. बाकीचे आकडे हौशी लोकांना भुलवायला. जीवशास्त्र तू शिकव, लेन्सचं माझ्यावर सोड. दाजींना नमस्कार. लोभ माझ्यावरच ठेव, माश्यांना वाटू नकोस.
सूर्यभान

पुणतांबा, ७ ऑगस्ट
चि. लेन्सतज्ज्ञ, अ. आ.
सारखीच मोठी येते, खरंय. फक्त साठने तेवढी टिपायला चार बोटांवर जावं लागतं. माझी सावली बिळावर पडते आणि बाईसाहेब बाहेरच येत नाहीत. तीन दिवस चिखलात पालथी पडून मी रिकाम्या बिळांचे एकशेदहा फोटो काढले. सरपंच छगनरावांनी विचारलं की, मॅडम, उंदरं धरताय व्हय? मग मैत्रीण मोनिकाने तिची एकशेऐंशी दिली. वीतभर लांबून माशी बिनघोर बसली, पण ते धूड हातात धरवेना, सगळे फोटो हललेले. मधली शंभर सांगायला काय झालं होतं? खरं लिही, आजवर किती किडे टिपलेस?
अक्का

शिर्डी, ९ ऑगस्ट
ती. अक्कास शि. सा. न.
एकही नाही. नवरा-नवरीच्या अंगठ्या टिपल्यात, त्या उडून जात नाहीत. माहीत नाही म्हणायची लाज वाटली. नगरचा फैयाज किड्यांचेच फोटो काढतो, त्याच्याकडून शंभरची मागून आणली, सोबत पाठवतोय. तो पोटभर हसला, तेही ऐकून घेतलं.
सूर्यभान

पुणतांबा, १७ ऑगस्ट
चि. सूर्यभान, अ. आ.
शंभरने जमलं. पायावरचे परागकणही दिसतात. ग्रामसभेत आधी लोक हसले, मग फोटो हातोहात फिरला. छगनरावांना माशी लई देखणी वाटली. जिथले फोटो आहेत तेवढी दरड ठेवू, म्हणाले. दरडीच्या वरच्या बाजूच्या बिळांचे फोटो काढायला मला दिवसच उरले नव्हते. ती बाजू काल जेसीबीने पाडली. माश्या संध्याकाळपर्यंत सपाट मातीवर आपापली बिळं शोधत होत्या.
रविवारी जेवायला ये. आधी नदीवर जाऊन ते बघ, मग घरी ये. लोभ आहे, तूर्त निम्माच.
अक्का