उघडली की पुसली

तीर्थरूप मामांस,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (एका हातात पेन आहे आणि दुसरा माउसवर, पण मनातून जोडलेले आहेत.) तुमची कंबर कशी आहे? तुमच्या नव्या कामातले ते पंप उचलताना गुडघ्यातून वाकायचं, कमरेतून नाही, हे मला एका हमालाने शिकवलं, ज्याच्याबरोबर मी नऊ दिवस काम केलं. मामींच्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं असं कळलं. कानात नीट बसलं नसलं की तसं होतं, किंवा तुम्ही बोलायला लागलात की मामी मुद्दाम वाजवत असतील. मी बरा आहे. मागच्या पत्रात बोटींना रंग देतो असं लिहिलं होतं, ते रद्द समजा. त्यानंतर टायरचं दुकान झालं, मग एका डॉक्टरांच्या दारात नंबर पुकारायचं काम झालं (तिथे येणारा प्रत्येक आजार आपल्यालाही आहे असं वाटायला लागलं, म्हणून सोडलं), आणि आता कुठे आहे ते ऐकायच्या आधी खुर्चीत नीट बसा. मी तुमच्या जुन्या दुकानात आहे. फाटके, डागाळलेले फोटो दुरुस्त करून देणाऱ्या बाईंकडे, तुमच्याच खुर्चीवर.

ठरवून आलो नाही. बस चुकली, समोर ‘माणूस हवा आहे’ अशी पाटी दिसली, आणि आपण माणूस आहोत एवढी एक पात्रता माझ्याकडे होती. तुमचा भाचा आहे असं सांगितल्यावर बाई बराच वेळ कात्री पुसत राहिल्या. मग विचारलं, “चालू कामातून उठून जायची सवय तुलाही आहे का?” मी म्हटलं, आहे. “निदान खरं तरी बोलतोस,” म्हणाल्या आणि बसवलं.

तुमचा कॉम्प्युटर तुम्ही तीन वर्षांपूर्वी सोडलात तसाच चालू आहे. अक्षरशः चालू. त्याच्या कपाळावर तुमच्या अक्षरातली चिठ्ठी आहे, ‘बंद करू नये, पुन्हा उठणार नाही’, आणि बाई ती इतकी मनावर घेतात की वीज गेली, बॅटरीचा डबा ओरडायला लागला, की गिऱ्हाइकाला अर्ध्या वाक्यात सोडून त्या यंत्रावर हात ठेवून उभ्या राहतात, तापातल्या मुलाच्या अंगावर ठेवावा तसा. (विचारलं तर म्हणतात, गरम झालंय का ते बघत होते.) आणि त्याचा पंखा, मामा. कुणीतरी काहीतरी बोलायला श्वास घेतो आणि बोलत नाही, तसा आवाज करतो. दिवसभर. दुपारी दुकानात कुणी नसलं की मी दोनदा ‘काय?’ असं विचारून बसलोय.

आता थोडं तुमच्याच विषयातलं. तुम्हाला ठाऊक आहे, पण मला नव्याने कळलंय, म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही. हल्लीच्या कॉम्प्युटरात पडद्यावरचं सगळं चित्र काढायचं काम ग्राफिक्स कार्ड करतं. प्रत्येक खिडकी ते आपल्या मेमरीत रंगवून ठेवतं, त्यामुळे खिडकी सरकवणं म्हणजे टेबलावर फोटो सरकवण्यासारखं हलकं. खिडकीखाली सावली पडते, कडा काचेसारख्या दिसतात. आपल्या यंत्रातलं कार्ड मात्र तुम्ही गेलात त्या दिवसापासून झोपलेलं, आणि बिचारा प्रोसेसर एकटा पुसतोय आणि रंगवतोय. खिडकी ओढली की मागे तिच्याच दहा प्रती रेंगाळत राहतात, दर खोलीत आपला थोडा थोडा भाग विसरून जाणाऱ्या माणसासारख्या. (माझा एक बूट अजून टायरच्या दुकानात आहे.) कोपऱ्यावर एक नवं, काचेच्या दाराचं दुकान झालंय, तिथे खिडक्या अशा विरघळतात की बघत राहावं. बाईंनी ते एकदा बघितलं आणि आठवडाभर त्या रस्त्याने गेल्या नाहीत. म्हणून मी म्हटलं, मी करतो आपलं कार्ड जागं.

नवा ड्रायव्हर (म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, गाडीवाला नव्हे) आपल्या कार्डाला ओळखच देईना. एवढं जुनं कार्ड आता यादीत नाही, असं त्याने तोंडावर सांगितलं. शेवटी खालच्या खणात तुमच्याच वेळची एक तबकडी सापडली. यंत्र बंद न करता जुना ड्रायव्हर बसवला. पडदा काळा झाला, आणि बाईंचा हात माझ्या कॉलरपर्यंत पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढा काळाच राहिला. मग उजळला, आणि खिडक्यांखाली सावल्या होत्या.

नेमके तेव्हा दारात म्हातारे घड्याळजी उभे. दर मंगळवारी चारला येतात. मी आनंदाने ओरडलो, “बाई, सावल्या आल्या.” म्हातारबुवांनी वळून आपल्या मागे बघितलं. मी समजूत घातली की काका, या यंत्राला तीन वर्षं सावली पडत नव्हती, आजपासून पडते. ते शांतपणे म्हणाले, “पायपण बघून घे त्याचे, सरळ आहेत का.” मग बाईंना विचारलं, “झालं का?” बाई म्हणाल्या, “चेहरा अजून यायचाय.” मान हलवून ते गेले.

ते गेल्यावर बाईंनी सांगितलं. घड्याळजींच्या गेलेल्या बायकोचा तो एकुलता एक फोटो. ओल लागून चेहऱ्याचा मधला भाग गेलेला. स्कॅनरच्या काचेवर ठेवून त्याची कॉपी काढली, तेव्हा कागदाचे पापुद्रे सुटून आले, म्हणजे मूळ फोटो संपला. तुम्ही अकरा दिवस त्या चेहऱ्यावर बसलात आणि बाराव्या दिवशी कार्ड लटकलं, पडदा गोठला, यंत्र बंद न पडता, पण कार्डाशिवाय, साध्या अवस्थेत परत आलं आणि फाइल नव्हती. साठवली नव्हती. (मामा, मला तुम्ही लहानपणापासून सांगत आलात, ताटावरून उठण्याआधी हात धू आणि खुर्चीवरून उठण्याआधी सेव्ह कर. मी काही बोलत नाही.) तुम्ही पाणी प्यायला म्हणून उठलात ते उठलातच. तेव्हापासून दर मंगळवारी बाई ‘चेहरा अजून यायचाय’ म्हणतात आणि घड्याळजी भांडत नाहीत, कारण त्यांनीही जन्मभर लोकांना ‘उद्या या’ म्हणूनच सांगितलंय.

दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, मी काहीतरी टिपून घ्यायला एक कोरी खिडकी उघडली. ती पांढरी व्हायच्या आधी, पापणी लवेल एवढा वेळ, तिच्यात एक कान होता. बाईचा कान, कानात खडा. मग पांढरं. मला वाटलं उपाशीपोटी बसलोय. बिस्किटं खाऊन आलो आणि दुसरी खिडकी उघडली. कपाळ आणि भांग. तिसरीत नुसता अंधार, चौथीत आडव्या पट्ट्या, पाचवीत डोळा. डोळ्याला मात्र मी घाबरलो नाही. तो माझाच वाटला, काचेत पडलेला. मी फडकं घेऊन काच पुसली.

डिस्क सगळी धुंडाळली, असं चित्र कुठेच नाही. मी बाहेर जाऊन रस्त्यावर उभा राहिलो, कारण रस्त्यावर बरं असतं. परत आलो तर बाई खुर्चीशी उभ्या, पांढऱ्याफटक, समोर एक कोरी खिडकी. “आत्ता ही कोण होती?” म्हणाल्या. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. एकट्याला दिसलं तर डोकं फिरलंय असं म्हणून मोकळं होता येतं.

रात्रभर विचार करून जे समजलं ते असं. कार्डाची मेमरी म्हणजे खोल्या. शेवटच्या दिवशी तुमचं चित्र त्या खोल्यांत होतं. कार्ड झोपलं, खोल्या बंद झाल्या, आणि वीज कधी गेलीच नाही म्हणून आतलं तसंच राहिलं. मी सावल्यांसाठी कार्ड जागं केलं, आणि आता दर नव्या खिडकीला ते एकेक जुनी खोली देतंय. आधी दार उघडतं, मग रंग मारतं. त्या दोन्हींच्या मध्ये आत जे असेल ते दिसतं, आणि दिसलं की कायमचं जातं. म्हणजे मामा, मी आणि बाईंनी नुसतं बघून बघून तिचा एक कान, कपाळाचा एक तुकडा आणि एक डोळा संपवला होता. खोल्या न उघडता आतलं काढून घ्यायची काही युक्ती असेल तर मला येत नाही. मी नववीत तो तास चुकवला असेल.

त्यानंतर आम्ही खुर्चीवर बसून खिडकी उघडलीच नाही. फोन एका डब्यावर टेकवला, चित्रण चालू केलं, आणि कीबोर्ड घेऊन मी टेबलाखाली बसलो. बाई भिंतीकडे तोंड करून. कुणी बघायचं नाही असं ठरलं होतं, का ते विचारू नका, बघण्याने काही जास्त पुसलं जात नव्हतं. सहा दिवसांत काही तुकडे हाती आले, बरेच निसटले. दुसरा कान आला, कपाळाचा उरलेला भाग भांगासकट आला. गाल आला, ओठांची एक कड आली, हनुवटी आली. आणि सहाव्या दिवशी दुसरा डोळा आला, स्वच्छ, तोही माझ्यासारखाच. तो बघताना मला एवढंच कळेना, की मी तर टेबलाखाली होतो. मग काचेत कोण होतं?

मंगळवारी घड्याळजींना खरं सांगून टाकलं आणि तुकडे छापून टेबलावर मांडले. त्यांनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं. “कान तिचा. कपाळ तिचं, भांग असाच वाकडा पडायचा.” हनुवटीवर घुटमळले. डोळ्यावर तर इतका वेळ थांबले की पंख्याने चार वेळा श्वास घेतला. मग भिंग तसंच ठेवून त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. “हा तुझा डोळा आहे,” म्हणाले.

मी हसलो. बाई हसल्या नाहीत. कात्री खाली ठेवून म्हणाल्या, “याच्या मामाच्या खिशात एक फोटो असायचा. डोळे बसवताना तो काढून समोर टेकवायचा. संध्याकाळी परत खिशात.”

घड्याळजी म्हणाले, “त्याने मला विचारलं होतं, डोळे कसे होते. अडतीस वर्षांचा संसार, आणि मला आठवेना. लाज वाटली. म्हटलं, शांत होते.”

मामा, आपल्या घरात शांत म्हणून एकाच माणसाचं नाव निघतं. आई गेली तेव्हा मी दोन वर्षांचा. तिचा एकही फोटो उरला नाही, घर बदलताना सगळे गेले, असं तुम्ही सांगितलंत आणि मी पुन्हा विचारलं नाही. तुम्ही का दडवलात ते आताही विचारत नाही. पण ती समोर आली तेव्हा मी फडक्याने काच पुसली, हे मला कुणाला तरी सांगायला हवं होतं.

घड्याळजींनी तेच डोळे ठेवायला सांगितलंय. म्हणाले, आता मला आठवले तरी हेच आठवतील. तर काम एका डोळ्यासाठी अडलंय. तो फोटो कृपा करून रजिस्टर पोस्टाने पाठवा. कामासाठी हवा आहे.

मामींना नमस्कार. कमरेला जपा.

तुमचा भाचा,
भिंगरी (सध्या एका जागी)

ता. क. बाईंनी विचारलंय, पाणी पिऊन झालं का.

ता. क. दुसरा. वर लिहिलंय ते पूर्ण खरं नाही. एक डोळा उलटा करून दुसऱ्याच्या जागी बसवला, बाकीचं रंगवून जुळवलं आणि घड्याळजी कालच फ्रेम घेऊन गेले. छातीशी धरून, चित्र आतल्या बाजूला. कामाच्या नावाने मागितलं, कारण कामाला तुम्ही कधी नाही म्हटलेलं मला आठवत नाही. यंत्रात आता काही उरलेलं नाही. आज सकाळी चाळीस खिडक्या उघडल्या, सगळ्या पांढऱ्या.

ता. क. तिसरा. फोटो पाठवणं जड जात असेल तर राहू दे. नुसतं एवढं कळवा. हनुवटीबद्दल घड्याळजींना शेवटपर्यंत नक्की सांगता आलं नाही, म्हणाले तिची असेल. त्या हनुवटीवर डावीकडे, ओठाच्या खाली, तांदळाएवढा व्रण आहे. आईला तिथे काही लागलं होतं का? मी आरशात बघितलं, पण त्याचा उपयोग नाही. व्रण मुलांना मिळत नाहीत.