कानस न मारलेले पाच खिळे

मी, चामड्याच्या पिशव्या, पट्टे व बुटांची दुरुस्ती करणारी, वय वर्षे बासष्ट, हे पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. पोटातला आजार डोक्यापर्यंत पोचलेला नाही आणि तो पोचायच्या आत मला हे उरकायचं आहे. कोणी जबरदस्ती केलेली नाही, कोणी लाडीगोडी लावलेली नाही; लाडीगोडी लावणारं माणूसच आता उरलेलं नाही. याआधीचे मृत्युपत्र, ज्यात सर्व काही धाकट्या भावाच्या नावे होते, ते मी रद्द करते.

कलम एक. दुकानातले शिवणयंत्र नाक्यावरच्या किल्लीवाल्याला द्यावे. वीस वर्षं त्याचा त्यावर डोळा आहे. यंत्राचं पायडल मात्र मी गेल्या आठवड्यात भंगारात घातलं. शोध म्हणावं. रापी, आऱ्या, हातोडी ज्याला हव्यात त्याने न्याव्यात. कानस कोणी उचलू नये, तिची व्यवस्था पुढे लिहिली आहे.

कलम दोन. दुकान व वरच्या दोन खोल्या धाकट्या भावाला, एका अटीवर. अट समजायला आधी हकिगत सांगावी लागेल. वकीलसाहेबांनी कंटाळा करू नये.

भाऊ मेटल बँडमध्ये गातो. गातो म्हणायचं आपलं. घसा खरवडून ओरडतो आणि खाली पोरं एकमेकांना धडका देतात. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, त्याला वाढवला मीच. बँडचे खिळे ठोकलेले मनगटी पट्टेही मीच करायचे. शेवटच्या गाण्यात तो आणि गिटारवाला खोटी मारामारी करायचे, पट्ट्याचे हात एकमेकांच्या छातीवर, मानेवर आपटायचे. बघणाऱ्याला ती खरी वाटायची, कारण खिळे खरे असायचे. फक्त प्रत्येक खिळ्याचं टोक मी कानस मारून बोथट करायचे, स्वतःच्या अंगठ्यावर दाबून बघायचे आणि मगच पट्टा हातात द्यायचे.

गिटारवाल्याशी माझं लग्न ठरलं होतं. माझं वय चौतीस, त्याचं तीस. एके दिवशी तालमीच्या खोलीच्या दाराशी पोचले, तर तो आत सांगत होता, "हिच्याशी लग्न म्हणजे जन्मभर बुटाच्या खोक्यात झोपायचं. पट्टे फुकट मिळतात म्हणून चाललंय." सगळे हसले. भाऊ पण हसला. मी आत गेलेच नाही. पुढच्या कार्यक्रमासाठी नवे पट्टे केले तेव्हा भावाच्या उजव्या पट्ट्यातल्या पाच खिळ्यांना कानस मारली नाही.

कंटाळा केला असेल, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. कंटाळा नव्हता. मला गिटारवाल्याचं रक्त बघायचं होतं. जीव घ्यायचा नव्हता. पण ते दोघे मानेवर मारतात, हे मला माहीत होतं.

गिटारवाला मंचावर कोसळला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ गुडघ्यांवर बसून त्याची मान दोन्ही हातांनी दाबून धरत होता, "ताईला बोलवा, ताईला बोलवा" म्हणत रडत होता, आणि पुढच्या रांगेतली पोरं "अजून, अजून" ओरडत होती. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

कोठडीत भावाने मला एकच गोष्ट विचारली. "ताई, कानस मारली होतीस ना?"

"मारली होती की," मी म्हटलं. "तू केवढ्या जोरात मारलंस?"

न्यायालयात मला विचारलं, पट्टा तुम्हीच केला का. मी हो म्हटलं. कानशीचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. भावाला आठ वर्षांची शिक्षा झाली. दर रविवारी मी डबा घेऊन जायचे. पहिली दोन वर्षं तो रडायचा, मग रडायचा थांबला.

सुटला तेव्हा तुरुंगाच्या दाराशी दीडशे पोरं उभी होती. त्याला खाटीक म्हणू लागले. याने विचारणाऱ्याला सांगितलं, "हो, मारलं. परत मारीन." पाच भोकांचं चित्र काढलेले शर्ट निघाले. एका पोराने तसाच पट्टा घालून मित्राचा डोळा फोडला, तर हा म्हणाला, "डोळ्यावरच भागलं?" नागरिक समितीने मोर्चे काढले, भर चौकात शर्ट जाळले, सभागृहं बंद पाडली. जितकी बंद पडली तितकी गर्दी वाढली.

गेल्या वर्षी आजाराचं कळलं तेव्हा त्याला सांगायला त्याच्या कार्यक्रमाला गेले. मागच्या दाराशी, पोरांच्या देखत म्हणाला, "ताई, इथे येत जाऊ नकोस. खाटकाची बहीण पिशव्या शिवते म्हणून लोक हसतात." आणि सगळे हसले. आजाराचं सांगायचं राहून गेलं.

खून माझा, नाव याचं. आयत्या बिळावर नागोबा, आणि वर माझ्यावरच फुत्कारतो.

म्हणून मी त्याला त्याचा निर्दोषपणा परत देते. अट अशी, की पुढच्या कार्यक्रमात शेवटच्या गाण्याआधी त्याने हे कलम मंचावरून स्वतः वाचावे. ओरडून नाही, शब्द कळतील अशा आवाजात. रडल्याचे वाक्य गाळू नये. पुरावा म्हणून कानस व डावा पट्टा त्याला द्यावा. भिंगाखाली डाव्याच्या खिळ्यांवर कानशीचे ओरखडे दिसतील. पोलिसांकडच्या उजव्यावर दिसणार नाहीत.

न वाचल्यास घर नागरिक समितीला द्यावे, मोर्चाच्या पाट्या ठेवायला. त्या परिस्थितीत वकीलसाहेबांनी हे कलम वर्तमानपत्रांत छापून आणावे. म्हणजे खाटीक दोन्हीकडून मरतो. घर हवं की नको, एवढंच त्याने ठरवायचं.

कलम तीन. माझ्या अंत्यविधीला बँडवाल्यांनी येऊ नये.

कलम चार. गिटारवाल्याची आई. वय एक्याऐंशी. अठ्ठावीस वर्षं दर महिन्याला दुकानात येते, तीच एक पिशवी घेऊन. कधी बंद उसवलेला असतो, कधी ती घरीच उसवून आणते हे मला कळतं. लग्न झालं नाही तरी मला सूनबाई म्हणते. "त्याचं असं तूच एक उरलीस," म्हणते. हिला काय द्यावं याचा मी महिनाभर विचार केला. घर दिलं तर विचारेल, का. वकीलसाहेब म्हणाले, साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. माझा प्रश्न सुटला. माफी मागायची माझी छाती नाही. निदान तिची सही माझ्या कबुलीखाली असावी, एवढं मी तिच्याकडून घेते आहे. हे ती नंतर वाचेल. तेव्हा मी नसेन, याचं मला बरं वाटतं.

स्थळ: माझ्या दुकानाची मागची खोली. दिनांक: नऊ मार्च, सकाळी अकरा.

सही: (माझी)

साक्षीदार पहिला: शेजारचा घड्याळवाला. सही केली, वेळ बरोबर असल्याचं सांगितलं.

साक्षीदार दुसरी: गिटारवाल्याची आई. चष्मा घरी राहिल्याने मजकूर वाचला नाही. "काय लिहिलंयस गं एवढं?" विचारलं. मी म्हटलं, "घराचं आहे." पेन हातात घेऊन म्हणाली, "तो असता तर तुला अशा परक्यांच्या सह्या घ्यायची वेळ आली नसती, सूनबाई." आणि सावकाश, पूर्ण नाव लिहिलं.