आतली ठकठक

२ फेब्रुवारी
राजीनामा दिला. साहेबांनी थांबवलं नाही. निदान चहा तरी विचारायला हवा होता. असो. एक मार्चला माझ्या लाँड्रीचं उद्घाटन. पहिला मजला, कारण तळमजला परवडत नाही. तीन मोठी मशिनं बुक केली.

५ फेब्रुवारी
मोबाइलवर एका सरांचं लेक्चर ऐकलं. सगळा घोळ आतल्या निगेटिव्ह आवाजाचा. त्याला नाव द्या, आणि तो बोलला की नम्रपणे म्हणा, "धन्यवाद, पुन्हा कधीतरी." माझ्याचं नाव कुरकुऱ्या. आजपासून त्याचं बोलणं बंद.

९ फेब्रुवारी
मशिनं वर चढवली. हमाल म्हणाला, फरशी हलतेय. कुरकुऱ्या आता हमालाच्या तोंडून बोलतो. धन्यवाद म्हटलं, पुन्हा कधीतरी. हमालाला वाटलं, चहापाणी पुन्हा कधीतरी. तणतणत गेला.

१२ फेब्रुवारी, सकाळी ११
ट्रायल. मशिन जोरात फिरायला लागलं की ठकठक सुरू. बंद केलं की थांबते. सर म्हणतात, मोठं काम हाती घेतलं की भीती दार ठोठावते. माझी तळपायांना ठोठावते. एवढी जोरदार भीती म्हणजे धंदाही तसाच चालणार.

१५ फेब्रुवारी
खालच्या दुकानातला फ्रेमवाला वर आला. हातात काठी, केसांत चुना. म्हणाला, चार दिवस छताला काठी मारतोय, ऐकू येत नाही का? तडा पंख्याच्या हुकापर्यंत आलाय. क्षणभर वाटलं, म्हणजे ती ठकठक याचीच. मग सावध झालो. कुरकुऱ्या किती लबाड आहे बघा. धन्यवाद म्हणून दार लावलं.

१९ फेब्रुवारी
बायको दुकान बघायला आली, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना. हातातलं शर्टाचं बटण खाली सोडलं. ते आपोआप घरंगळत मधल्या मशिनखाली गेलं. म्हणाली, अहो, इंजिनिअरला दाखवा, मला खरंच भीती वाटते, उद्घाटनाला माझे बाबा येणार आहेत. मी तिलाही म्हटलं, धन्यवाद, पुन्हा कधीतरी. तेव्हापासून कामापुरतंच बोलते. घरातली निगेटिव्हिटी खूप कमी झाली.

२४ फेब्रुवारी
तिन्ही मशिनं एकदम लावली. ठकठक पूर्ण बंद. जिंकलो.
जाताना पाहिलं, फ्रेमवाल्याचं दुकान रिकामं. भिंतीवर नुसते खिळे. असल्या विचारांनी धंदा टिकत नाही.

२८ फेब्रुवारी
दुकानाचं दार लागत नाही. चौकट तिरकी झालीये. मनात पाल चुकचुकली. तिलाही धन्यवाद दिले.

१ मार्च, सकाळी १०
पाहुणे अकराला. सासऱ्यांची खुर्ची बरोबर मधोमध ठेवलीये. तोवर तिन्ही मशिनं पाण्यानं भरून चालू करतो.

४ मार्च, हॉस्पिटल
उजवा पाय प्लास्टरमध्ये. वर मी एकटाच होतो. बायको आणि फ्रेमवाल्यानं सगळ्यांना रस्त्यापलीकडेच अडवून धरलं होतं. सासरे तिथूनच बघत होते म्हणे.
लाँड्री आता तळमजल्यावर आहे, अगदी रस्त्यालगत. बायकोला म्हटलं, यातही एक संधी आहे, पुन्हा सुरू करू, पण या वेळी तू बरोबर हवीस. तिनं डबा उघडून माझ्यापुढे ठेवला, चमचा पुसला. मग नम्रपणे म्हणाली, धन्यवाद, पुन्हा कधीतरी.