सही होताच पोर घ्यावी

मी, पुस्तकबांधणीच्या कारखान्याची मालकीण, वय एकसष्ट, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. दडपण नाही, भीती आहे. येत्या शुक्रवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे.

१. कारखाना, दाबाचे यंत्र, दाभणे आणि वरच्या दोन खोल्या माझ्या चौदा महिन्यांच्या नातीला. तिची आई, माझी लेक, बाळंतपणात गेली. बाप त्याआधीच निघून गेला होता. नात सज्ञान होईपर्यंत सगळे घडीवालीने पाहावे. कागदांच्या घड्या घालायला ती अठरा वर्षे माझ्याकडे आहे. पालकत्वही तिचेच.

२. थोरल्या दिरांना काही नाही. "मूल कारखान्यात वाढतंय" असा अर्ज त्यांनी बालकल्याण कचेरीत दिला. त्याची नक्कल मी कापडी पुठ्ठ्यात बांधली आहे, ती त्यांना द्यावी. बांधणी उत्तम आहे.

३. त्या अर्जावरून तपासनीसबाई आल्या. नात कारखान्यातल्या पाच बायकांच्या मांड्यांवर आलटून पालटून वाढलेली. बाईंनी मला खोलीबाहेर जायला सांगितले. पोर रडली नाही. बाईंचीच पिशवी उचकू लागली.

"माझा मुलगा मी दाराआड गेले तरी टाहो फोडतो," बाई काळजीने म्हणाल्या. "हिला कोणाचाच लळा नाही का?"

"अहो, कोणी ना कोणी येतंच, हे तिला ठाऊक आहे. रडेल कशाला?"

त्यांनी लिहिले: जवळीक दिसत नाही, तीन आठवड्यांनी पुन्हा पाहणी, मग मूल कुठे ठेवायचे ते ठरेल.

४. पोर नेतील या धास्तीने मी तिला घेऊन वरच्या खोलीत कडी लावून बसले. वीस दिवस कोणाला हात लावू दिला नाही. घडीवाली दाराशी येई. "बाई, जरा द्या की तिला." पोर दाराकडे हात करी. मग करीनाशी झाली.

दुसऱ्या पाहणीत मी उंबरा ओलांडताच तिने असा आकांत मांडला की तपासनीसबाईंचे डोळे भरले. "आता बरं वाटलं," त्या म्हणाल्या. पोर माझ्याकडे राहिली.

आता ती घडीवालीला पाहून तोंड फिरवते. माझ्या कपड्याची मूठ सोडत नाही. आणि परवा डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचे सांगितले. मी परतले नाही, तर ही कोणाला हाक मारील? हे माझ्या हातून झाले आहे.

५. म्हणून हे कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. सही होताच घडीवालीने पोर माझ्याकडून घ्यावी. ती ओरडेल. मी हात पुढे केले तरी देऊ नये. मग बाकीच्यांनी पूर्वीसारखे आळीपाळीने घ्यावे. तीन दिवस उरलेत. पुरतील का, कळत नाही.

ठिकाण: कारखान्याची मागची खोली. मंगळवार, सकाळी अकरा.

सही: (मालकीणबाई)

साक्षीदार पहिला, शेजारचा घड्याळ दुरुस्तीवाला: सही माझ्यासमोर झाली. बाईंनी दोनदा पेन खाली ठेवले होते.

साक्षीदार दुसरी, कारखान्यात पुठ्ठ्यांना खळ लावणारी: पोर दोन तास रडली. बाई दाराबाहेर उभ्या होत्या, आत आल्या नाहीत. आत्ता ती माझ्या उजव्या खांद्यावर झोपली आहे, म्हणून माझी सही डाव्या हाताची आहे.